सल्वा राजवाडा, दिरिया

पहिल्या सौदी राज्याचे शासनस्थान. रियाधच्या वायव्येस सु. २० किमी.वर, वादी हनीफा या कोरड्या नदीपात्राच्या काठी, अत्-तुरैफ या तटबंदीच्या वस्तीत. क्षेत्र सु. १०,००० चौ. मी.

इतिहास : वादीकाठच्या दिरिया या खजूरबागांच्या गावाची स्थापना मानी अल्-मुरैदी याने १४४६ मध्ये केली. १७४४ च्या सुमारास येथील अमीर मुहंमद इब्न सौद आणि धर्मसुधारक मुहंमद इब्न अब्द अल्-वहाब यांच्यात करार झाला. पुढे राज्य मक्केपर्यंत पसरले आणि वाडाही टप्प्याटप्प्याने वाढत गेला. १८१८ मध्ये ऑटोमन साम्राज्याच्या इजिप्शियन फौजेचा सेनापती इब्राहिम पाशा याने सु. सहा महिन्यांच्या वेढ्यानंतर गाव जिंकून उद्ध्वस्त केले. अखेरचा इमाम (राज्यकर्ता) अब्दुल्ला याला इस्तंबूल येथे देहदंड झाला. १८२४ पासून रियाध राजधानी झाली.

न्यायदान : निवाड्यासाठी खास इमारत बांधण्याची चाल तेव्हा नज्दमध्ये (मध्य अरबस्तानात) नव्हती. काझी मशिदीत किंवा घरी निवाडे करीत, तर इमामापुढे प्रजा थेट गाऱ्हाणे मांडी. स्विस प्रवासी बुर्कहार्ट याच्या वृत्तांतानुसार जिल्ह्यांत नेमलेल्या काझींना वेतन सरकारी खजिन्यातून मिळे. पक्षकारांकडून काही घेण्यास त्यांना मनाई होती. बैत अल्-माल हा खजिना वाड्यालगतच होता. एका गावातून चाललेल्या या कारभाराची ही बाजू वाड्याच्या भव्यतेइतकीच मोलाची आहे.

वास्तुरचना : पाया चुनखडी दगडाचा, भिंती उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या, वरून गवतकाडी मिसळलेल्या चिखलाचा गिलावा. छतासाठी अथल (झाऊ) वृक्षाच्या तुळया, त्यांवर खजुरीच्या झावळ्या व मातीचा थर. मराठवाड्यातील माळवदाची बांधणी याच जातीची. जाड भिंतींमुळे आतील खोल्या थंड राहतात. भिंतींतील त्रिकोणी झरोके हवा व उजेड आत घेतात, परंतु रस्त्यावरची नजर आत येऊ देत नाहीत. असा गिलावा पावसाने झिजतो. तो वेळच्या वेळी पुन्हा लिंपावा लागतो. वाडा शेजारच्या मशिदीशी पुलाने जोडलेला होता. त्या मशिदीत १८०३ मध्ये नमाज पढताना इमाम अब्द अल्-अझीझ याची हत्या झाली.

अर्थव्यवस्था : खजूर व विहिरीवरील शेती. अलीकडे पर्यटन.

जतन : अत्-तुरैफचा (सु. २९ हेक्टर) २०१० मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला; २०२२ च्या अखेरीस ही वस्ती लोकांसाठी खुली झाली. वाड्याच्या अवशेषांत संग्रहालय आहे. उंच पडक्या भिंतींवर तुळयांची भोके अजून ओळीने दिसतात. मजले कोठे होते, हे त्यांवरून कळते.