केप कॉडच्या वाळूतली गस्त

आपल्या मंडळातल्या बहुतेकांनी केप कॉड पाहिलंय ते जुलै-ऑगस्टमध्ये. सकाळी नऊच्या आत पार्किंग गाठायचं, कूलर, छत्री, मुलांच्या बादल्या आणि भेळेचे डबे घेऊन वाळू तुडवायची आणि उन्हं उतरली की ट्रॅफिकमध्ये अडकत बॉस्टनला परत. मीही तीस वर्षं हेच केलं. तो किनारा नोव्हेंबरात कसा असतो हे पाहायला मात्र मला निवृत्त व्हावं लागलं.

बेत असा होता: ईस्टहॅमच्या कोस्ट गार्ड बीचपासून प्रॉव्हिन्सटाउनच्या रेस पॉइंटपर्यंत, अटलांटिकच्या कडेकडेने पंचवीसेक मैल, तीन दिवसांत. एकट्याने. आमच्या सौ.ची अट एकच, संध्याकाळी चारला ठरलेल्या पार्किंगमध्ये हजर व्हायचं. ती मोटेलात पुस्तक वाचणार, मी चालणार.

पहिल्या दिवशी माणूस असा दिसलाच नाही. पाण्यात सील मात्र डोकं वर काढून बघायचे, शेजारच्या खिडकीतल्या आजींसारखे. उजवीकडे समुद्र, डावीकडे वाळूचा आणि चिकणमातीचा उभा कडा. हा कडा दरवर्षी सरासरी तीन फूट मागे हटतो.

या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचे दांडे आहेत. 1914 साली केप कॉडचा कालवा सुरू होईपर्यंत न्यूयॉर्क-बॉस्टन जाणाऱ्या जहाजांना यांच्याच बाहेरून वळसा घालावा लागे. ईशान्येचं वादळ सुटलं की जहाज दांड्यावर आदळायचं, आणि किनारा डोळ्यांसमोर असूनही माणसं मरायची. 1849 च्या ऑक्टोबरात थोरो एका मित्राबरोबर इथून चालला, तेव्हा वाचून वर आलेल्यांसाठी धर्मादाय संस्थेच्या काही झोपड्या होत्या. पण बुडणाऱ्याला पाण्यातून काढणार कोण?

ते काम सरकारने अंगावर घेतलं. 1872 मध्ये इथे लाइफ सेव्हिंग सर्व्हिसची नऊ स्टेशनं बांधली गेली, पुढे ती तेरा झाली. प्रत्येक स्टेशनात एक प्रमुख आणि सहा-सात सर्फमन. त्यांचं मुख्य काम काय, तर चालणं! सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत, पाळीपाळीने. स्टेशनातून दोघे निघायचे, एक उत्तरेला, एक दक्षिणेला. अर्ध्या वाटेवर एक छोटी झोपडी असे. पलीकडच्या स्टेशनाचा माणूस तिथे भेटायचा. दोघे आपापला पितळेचा बिल्ला अदलाबदल करायचे आणि माघारी फिरायचे. दुसऱ्याचा बिल्ला हातात असणं हाच पूर्ण वाट चालल्याचा पुरावा. बरोबर कंदील आणि लाल उजेडाचा कॉस्टन फ्लेअर, आपली चंद्रज्योतच म्हणा. संकटातलं जहाज दिसलं की तो पेटवायचा, म्हणजे जहाजावरच्यांना कळे की कुणीतरी आपल्याला पाहिलंय. उन्हाळ्यात समुद्र शांत, तेव्हा या सर्फमनना काम नाही आणि पगारही नाही. आपला सीझन तो त्यांचा ऑफ-सीझन.

दुसऱ्या दिवशी माझा हिशोब चुकला. वेलफ्लीटच्या कॅहून्स हॉलोला (तिथल्या जुन्या स्टेशनच्या इमारतीत आता उन्हाळ्यापुरतं रेस्टॉरंट असतं) मी डबा खात जरा रेंगाळलो. भरती चढत होती. जसजसा ट्रूरोकडे सरकलो तसतशी वाळूची पट्टी अरुंद होत गेली. घट्ट ओली वाळू पाण्याखाली गेली आणि उरली ती भुसभुशीत, एक पाऊल पुढे तर अर्धं मागे. कडा चढावा म्हटलं तर हाताखालची माती सुटते. साडेचारच्या आत सूर्य मावळला. दोन लाटा गुडघ्यापर्यंत आल्या. फोनला रेंज नव्हती. खोटं कशाला सांगू, घाबरलो. शेवटचा मैल अंधारात, कड्याला खांदा घासत चाललो. तोही स्वच्छ हवेत. सर्फमन हे हिमवादळात करत.

त्याच टापूत, पॅमेट रिव्हर स्टेशनजवळ, 5 डिसेंबर 1893 च्या रात्री ‘जेसन’ नावाचं ब्रिटिश जहाज फुटलं. ते आलं होतं कलकत्त्याहून, बॉस्टनसाठी ताग घेऊन. अर्धी पृथ्वी ओलांडून बंदर अगदी जवळ आलं होतं. जहाज धोक्यात आहे हे किनाऱ्यावरच्या माणसांना दिवसाच दिसलं होतं, पण वादळापुढे इलाज चालला नाही. वीसहून अधिक माणसं गेली. वाचला एकच, एक शिकाऊ खलाशी, तागाच्या गाठीला धरून. बंगालच्या शेतातला ताग ट्रूरोच्या वाळूत येऊन पडला, आणि आपण तिथे सँडकॅसल बांधतो!

सर्फमनही मरत. पीक्ड हिल बार्स स्टेशनचा प्रमुख डेव्हिड ॲटकिन्स आणि त्याचे दोन सहकारी 30 नोव्हेंबर 1880 ला होडी उलटून बुडाले. तिसऱ्या दिवशी तिथून जाताना मी बराच वेळ थांबलो. खूण अशी काहीच नाही, नुसत्या वाळूच्या टेकड्या.

पण डोक्यात घोळत होता तो पितळेचा बिल्ला. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, रेल्वेत गँगमन होते, कर्जतच्या पुढे घाटात. पावसाळ्यात रात्रीची गस्त लागायची. कंदील, झेंड्या, रुळावर लावायचे फटाके घेऊन रुळाकडेने एकटे चालायचे; दरड आली का, पाणी तुंबलंय का बघायचं. हद्द संपली की पलीकडून आलेल्या गस्तवाल्याबरोबर वही बदलायची आणि परत. मी त्यावेळी चादरीत झोपलेला असे. इंजिनियर झालो, इकडे आलो, दादा गेले. अंधारात चालताना त्यांना कसं वाटायचं, हे मी कधी विचारलंच नाही.

रेस पॉइंटला ओल्ड हार्बर स्टेशनची इमारत आहे. मूळची चॅथमची, 1898 च्या सुमाराची. 1977 मध्ये तराफ्यावरून इथे आणली. दार अर्थातच बंद होतं. काचेला नाक लावून आत बघितलं. गाडीत सौ. हॉर्न वाजवत होती.

घरी आल्यावर कर्जतला ताईला फोन लावला. विचारलं, “दादा गस्तीवरून आले की आधी काय करायचे गं?”

“आधी कंदीलाची काच पुसायचे,” ती म्हणाली, “आणि मग तुझं पांघरूण सारखं करायचे. का रे?”