धानाच्या बांधीत सातारी बोली

कादंबरीतलं खेडं बोलू लागलं की पूर्व विदर्भातल्या साकोलीकडचा वाचक हिरमुसतो, आणि 'ही आपली बोली नव्हे' ही त्याची तक्रार खरी आहे. मराठी ग्रामीण कादंबरीचा आवाज घडला तो मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रात. १९५५च्या 'बनगरवाडी'त व्यंकटेश माडगूळकरांनी माणदेशी माणसं त्यांच्याच बोलीत बोलती केली. तिथे ते शोभतंच. चुकले ते नंतरचे, ज्यांनी तोच 'व्हय-न्हाय'चा सूर साऱ्या महाराष्ट्राच्या खेड्यांना चिकटवला. साकोलीच्या झाडीबोलीत ण आणि ळ नाहीत. पाणी तिथे 'पानी' होतं, डोळा 'डोरा' होतो. धानाच्या बांधीत चिखलात उभा असलेला शेतकरी सातारी बोलू लागला, की त्याच्याभोवती रंगवलेलं रानही खोटं वाटायला लागतं.

अस्सल बोली बाहेरच्यांना कळणार नाही, असा आक्षेप घेतला जातो. पण उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० साली वऱ्हाडी संवाद घेऊन आली आणि वऱ्हाडाबाहेरही तिला मान मिळाला. प्रसंग जिवंत असला की अनोळखी शब्द वाचकाला अडवत नाही, ओढून नेतो. बोली समजून घ्यायला साधनं नाहीत, ही सबबही टिकत नाही: साकोलीच्याच डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचा अभ्यास कित्येक वर्षं चिकाटीने केला आहे.