मोजमापाचा करार : नॉर्वे, ब्राझील आणि ॲमेझॉनचें अरण्य

दोन राष्ट्रांमध्यें करार होतो, तेव्हां त्याच्या मुळाशीं बहुधा भीति तरी असते किंवा व्यापार तरी असतो. शेजाऱ्याच्या सैन्याचें भय वाटलें म्हणजे संरक्षणाचे तह होतात, आणि मालाची गरज भासली म्हणजे जकातीचे करार होतात. परंतु ज्यांच्या सीमा कोठेंही एकमेकींस भिडत नाहींत, ज्यांच्यामध्यें अख्खा महासागर पसरला आहे, अशा दोन राष्ट्रांनीं सर्व जगाच्या हवेसाठीं परस्परांशीं करार करावा, ही गोष्ट इतिहासांत नवीनच होय. इ. स. २००८ सालीं नॉर्वे आणि ब्राझील यांच्यामध्यें असा एक करार झाला. तो कसा जमला, कसा मोडतां मोडतां राहिला आणि कोणत्या गुणामुळें तगला, हें पाहण्यासारखें आहे. पृथ्वीचें वाढतें तापमान रोखण्याकरितां राष्ट्राराष्ट्रांत जे करार होतात, त्यांच्या वाटेंतील बहुतेक अडचणी या एका हकीकतींत येऊन गेल्या आहेत.

प्रथम अरण्याची गोष्ट. झाड वाढतांना हवेंतील कर्बाम्ल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, शोषून घेतें आणि त्यांतील कर्ब आपल्या खोडांत, फांद्यांत व मुळांत सांठवितें. तें झाड तोडून जाळलें कीं अनेक वर्षांची ही सांठवण कांहीं तासांत पुन्हां हवेंत मिसळते आणि पृथ्वीभोवतींचें उष्णतेचें पांघरूण अधिक जाड होतें. ब्राझीलच्या कायद्यानें ज्या मुलखास ॲमेझॉन प्रदेश म्हटलें आहे, त्याचा विस्तार सुमारें ५० लक्ष चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या सुमारें दीडपट आहे, आणि त्याचा फार मोठा भाग अरण्यानें व्यापलेला आहे. तेव्हां तेथील कुऱ्हाडीचा घाव हा केवळ ब्राझीलचा घरगुती प्रश्न राहत नाहीं.

१९६४ ते १९८५ या लष्करी राजवटीच्या काळांत हें अरण्य म्हणजे ओस पडलेली जमीन असें समजून तेथें वसाहती करण्याचें धोरण आंखलें गेलें. १९७२ सालीं ट्रान्स-ॲमेझॉन महामार्ग खुला झाला. रस्त्यामागून करवती आल्या, करवतींमागून गुरांचे कळप आले आणि पुढें सोयाबीनचीं शेतें आलीं. वास्तविक अरण्य निर्मनुष्य नव्हतें. तेथें आदिवासी राहत होते. रबराच्या झाडांचा चीक गोळा करून पोट भरणारीं कुटुंबें राहत होतीं. या चीक काढणाऱ्यांचे पुढारी चिको मेंडिस यांनीं झाडें तोडूं न देण्याची चळवळ उभारली, आणि २२ डिसेंबर १९८८ रोजीं शापुरी या गांवीं त्यांच्या राहत्या घरींच त्यांचा खून झाला. त्यांच्या चळवळींत मारिना सिल्वा नांवाची एक तरुण स्त्री होती. तिचेंही घराणें चीक काढणाऱ्यांचेंच. वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत तिला वाचतांही येत नव्हतें. याच मारिना सिल्वा पुढें २००३ सालीं ब्राझीलच्या पर्यावरणमंत्री झाल्या.

१९८८ पासूनच ब्राझीलची राष्ट्रीय अवकाश संशोधन संस्था उपग्रहांनीं घेतलेल्या चित्रांवरून दरवर्षीं जंगलतोडीचें मोजमाप करूं लागली. तिच्या गणनेप्रमाणें २००४ सालच्या एका वर्षांत २७,७७२ चौरस किलोमीटर अरण्य नाहींसें झालें. महाराष्ट्रांतील पुणें आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले, तरी त्यांचें क्षेत्रफळ याहून कमीच भरतें. या आंकड्यानें सरकार हादरलें. त्याच वर्षीं जंगलतोड रोखण्याची योजना सुरू झाली. तोड चालू असतांनाच उपग्रहावरून इशारा मिळेल अशी व्यवस्था झाली. मोठमोठे प्रदेश संरक्षित म्हणून घोषित झाले. २००६ सालीं मोठ्या व्यापाऱ्यांनीं नव्यानें तोडलेल्या जमिनीवरील सोयाबीन न घेण्याचें कबूल केलें. आणि २००८ सालीं कायदा मोडणाऱ्या जमीनमालकांना बँकांचें कर्ज मिळणें दुरापास्त झालें. जंगलतोड निम्म्याहून खालीं आली. परदेशाचा पैसा येण्यापूर्वीं ब्राझीलनें स्वतःच्या कायद्यानें व स्वतःच्या माणसांकडून हें काम केलें होतें, ही गोष्ट पुढील हकीकत समजण्यासाठीं लक्षांत ठेविली पाहिजे.

आतां दुसऱ्या राष्ट्राची गोष्ट. नॉर्वे हा युरोपच्या उत्तर टोंकाचा, सुमारें ५५ लक्ष वस्तीचा देश. १९६९ सालीं त्याच्या सागरी हद्दींत, उत्तर समुद्राच्या तळाशीं, एकोफिस्क येथें खनिज तेलाचा प्रचंड सांठा सांपडला आणि मासेमारी व जहाजें यांवर जगणारें हें राष्ट्र श्रीमंत झालें. तेलाचें उत्पन्न एका पिढीनें खाऊन टाकूं नये म्हणून १९९० सालीं कायदा करून त्यांनीं भावी पिढ्यांसाठीं एक राष्ट्रीय निधि स्थापिला. त्यांची स्वतःची वीज जवळजवळ सर्वच पाण्यावर तयार होते. त्यामुळें एक विलक्षण स्थिति उत्पन्न झाली. घरांत धूर थोडा. परंतु त्यांनीं विकलेलें तेल परदेशांत जळून जो वायु हवेंत जातो, तो फार मोठा, आणि तो मात्र जाळणाऱ्या देशाच्या खात्यावर मांडला जातो. हा विसंवाद तेथील विचारी लोकांना बोचूं लागला होता. डिसेंबर २००७ मध्यें बाली बेटावर राष्ट्रांची हवामान परिषद भरली असतां पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनीं उष्ण कटिबंधांतील अरण्यें राखण्यासाठीं दरसाल तीन अब्ज क्रोनरपर्यंत मदत देण्याची घोषणा केली.

देणारा सिद्ध झाला. परंतु घेणाऱ्याच्या मनांत किंतु होता. ॲमेझॉन ही साऱ्या जगाची मालमत्ता आहे, असें परकीयांच्या तोंडून निघालेलें वाक्य ब्राझीलला नेहमींच झोंबत आलें आहे. आज पैसा देतील आणि उद्यां हक्क सांगतील, ही शंका कांहीं निराधार म्हणतां येत नाहीं. जगाच्या इतिहासांत तिला पुरावे विपुल आहेत. म्हणून ब्राझीलनें आधीं आपल्या घराची घडी नीट बसविली. १ ऑगस्ट २००८ रोजीं राष्ट्राध्यक्ष लुला दा सिल्वा यांच्या सरकारनें हुकूम काढून ॲमेझॉन निधीची स्थापना केली आणि तो देशाच्याच राष्ट्रीय विकास बँकेच्या स्वाधीन केला. पुढील महिन्यांत स्टोल्टेनबर्ग ब्राझीलला गेले आणि २०१५ पर्यंत १०० कोटि डॉलरपर्यंत रक्कम देण्याचें वचन त्यांनीं दिलें.

या कराराच्या अटी मोठ्या मार्मिक होत्या. पैसा आधीं नव्हे, तर काम झाल्यावर द्यावयाचा, ही पहिली अट. १९९६ ते २००५ या दहा वर्षांची सरासरी जंगलतोड वर्षाला १९,५०० चौरस किलोमीटर धरली गेली. प्रत्यक्ष तोड या सरासरीहून जितकी कमी, तितकें अरण्य वांचलें असें मानावयाचें. एका हेक्टरांत १०० टन कर्ब असतो असा हिशेब केला. खरा आंकडा याहून मोठा असण्याचा संभव होता, पण मुद्दाम कमी धरला, म्हणजे कोणास फुगवटा केल्याचा आरोप करतां येऊं नये. वांचलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या दर टनास ५ डॉलर हा भाव ठरला. उदाहरणार्थ, २००६ सालची तोड स्थूल मानानें १४,००० चौरस किलोमीटर धरली, तर ५,५०० चौरस किलोमीटर वांचले. त्यांतून सुमारें २० कोटि टन वायु हवेंत जाण्याचा टळला, आणि त्याचें मोल १०० कोटि डॉलर झालें. एवढी रक्कम लगेच हातीं पडली असा याचा अर्थ नव्हे. देणग्या स्वीकारण्याची ती कमाल मर्यादा होती.

दुसरी अट अशी कीं, देणाऱ्याला मोबदला कांहीं नाहीं. त्याला एक प्रमाणपत्र मिळे; तें विकतां येत नसे, कीं त्याच्या बळावर स्वतःच्या देशांत अधिक धूर सोडण्याची मुभा मिळत नसे. पैसा कोणत्या कामीं लावावयाचा हें ठरविणाऱ्या समितींत केंद्र सरकार, ॲमेझॉनमधील प्रांत आणि लोकांच्या संस्था यांचे प्रतिनिधि होते. नॉर्वेचा एकही नव्हता. तिसरी गोष्ट लिखित अटींहूनही महत्त्वाची ठरली. मोजमाप ब्राझीलच्याच शास्त्रज्ञांनीं करावयाचें, परंतु तें साऱ्या जगासमोर प्रसिद्ध व्हावयाचें. घेणाऱ्याचा मान राहिला आणि देणाऱ्याची खातरी झाली.

निधींतून वणवे विझविणारीं पथकें उभीं राहिलीं, शेतजमिनींच्या नोंदी झाल्या, आदिवासींच्या भूमीची राखण झाली, रानमेवा गोळा करणाऱ्यांच्या सहकारी संस्थांना भांडवल मिळालें. जर्मनीही या कार्यांत सामील झाली. २०१२ सालीं जंगलतोड ४,५७१ चौरस किलोमीटरपर्यंत उतरली. २०१५ पर्यंत नॉर्वेनें आपलें वचन पुरें केलें.

परंतु त्यापूर्वींच वारें फिरूं लागलें होतें. २०१२ च्या नव्या वनकायद्यानें पूर्वींच्या बेकायदा तोडीला बरीच माफी मिळाली आणि धाक कमी झाला. २०१६ सालीं तोड ७,८९३ चौरस किलोमीटरवर गेली, तेव्हां नॉर्वेनें ठरल्याप्रमाणें रक्कम कमी केली. त्यांत रागाचा प्रश्न नव्हता. हिशेबच तसा होता. खरी कसोटी पुढें आली. जानेवारी २०१९ मध्यें जैर बोल्सोनारो राष्ट्राध्यक्ष झाले. अरण्यरक्षण म्हणजे देशाच्या उत्कर्षाला आडकाठी आणि परकीयांची ढवळाढवळ, असें त्यांचें मत होतें. निधीच्या समित्या बरखास्त झाल्या. निधींतील पैसा संरक्षित प्रदेशांतील जमीनमालकांना भरपाई देण्याकडे वळवावा, अशी सूचना पुढें आली. जंगलतोड वाढल्याचे आंकडे अवकाश संस्थेनें प्रसिद्ध केले, तेव्हां राष्ट्राध्यक्षांनीं ते खोटे ठरविले; संस्थेचे संचालक रिकार्डो गाल्व्हाओ यांनीं आपल्या सहकाऱ्यांची बाजू उघडपणें मांडली आणि ऑगस्टमध्यें त्यांना पद सोडावें लागलें. त्याच महिन्यांत नॉर्वेनें पुढील हप्ता थांबविला. सुमारें तीन अब्ज रेआल बँकेंत नुसते पडून राहिले. २०२१ सालीं १३,०३८ चौरस किलोमीटर अरण्य गेलें. पंधरा वर्षांत एवढी तोड झाली नव्हती.

येथें कराराचा अंत झाला असता, तर नवल नव्हतें. पण दोन गोष्टी शिल्लक होत्या. संचालक गेले तरी मोजणी थांबली नाहीं. उपग्रहाचीं चित्रें व वर्षावर्षांचे आंकडे प्रसिद्ध होतच राहिले. आणि निधि कायद्यानें निर्माण झालेला असल्यामुळें त्याच्यासाठीं न्यायालयांत जातां येत होतें. विरोधी पक्षांनीं फिर्याद गुदरली आणि नोव्हेंबर २०२२ मध्यें ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयानें निधि साठ दिवसांत पुन्हां चालू करण्याचा आदेश दिला. तत्पूर्वीं कांहीं दिवस लुला पुन्हां निवडून आले होते. १ जानेवारी २०२३ रोजीं, अधिकारग्रहणाच्या दिवशींच, त्यांनीं निधि पुनः सुरू करण्याच्या हुकमावर सही केली. मारिना सिल्वा पुन्हां मंत्री झाल्या. ब्रिटन, स्वित्झर्लंड, अमेरिका यांच्याही देणग्या आल्या. २०२४ सालीं तोड ६,२८८ आणि २०२५ सालीं ५,७९६ चौरस किलोमीटर इतकी नोंदली गेली. नोव्हेंबर २०२५ मध्यें ब्राझीलनें बेलें येथील परिषदेच्या वेळीं अरण्यांसाठीं नवा जागतिक निधि मांडला, तेव्हां नॉर्वेनें दहा वर्षांत ३० अब्ज क्रोनरपर्यंत कर्जरूपानें देण्याचें, अर्थात् कांहीं अटींवर, जाहीर केलें.

या हकीकतींत नॉर्वेच्या पैशानें ॲमेझॉन वांचविलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पैसा बँकेंत असतांनाच अरण्य जळत होतें. अरण्य राखलें तें ब्राझीलच्या कायद्यानें, पहारेकऱ्यांनीं, न्यायाधीशांनीं आणि आंकडा लपविण्यास नकार देणाऱ्या शास्त्रज्ञांनीं. पैशानें त्यांचे हात बळकट केले एवढेंच. देणाऱ्याचें ऋणही फिटलें असें नाहीं; नॉर्वे आजही तेल व वायु विकतो, आणि दूरच्या देशांत राखलेलें झाड हें घरांतून बाहेर पाठविलेल्या धुराचें प्रायश्चित्त होऊं शकतें काय, हा प्रश्न त्याच्या नागरिकांपुढें उभाच आहे.

तथापि हा करार वाया गेला नाहीं. राज्यकर्त्यांचा स्नेह निवडणुकीबरोबर येतो आणि जातो. त्यावर उभारलेला करार पांच वर्षें टिकला तरी पुष्कळ. येथें स्नेह तुटला, समित्या मोडल्या, संचालक गेले. तरी मोजपट्टी दोघांनीं मान्य केलेली, सर्वांस दिसणारी आणि कायद्याच्या आश्रयास ठेवलेली होती. म्हणून सत्ता पालटतांच काम जेथें थांबलें होतें तेथून पुन्हां सुरू करतां आलें. मधल्या चार वर्षांत जें अरण्य गेलें, तें मात्र कोणत्याही हुकमानें परत येणार नाहीं. शतकाचें झाड पुन्हां उभें राहण्यास शतकच लागतें, आणि तेवढा अवकाश हवेपाशीं आतां उरलेला नाहीं.