दहा लाख गुलाबांच्या आधी

आज जरा लांबच्या गावाला जायचंय, रशियात. तिथल्या एका गायिकेची गोष्ट सांगायची आहे. तिच्या संसाराची गोष्ट कमी सांगणार आहे, तिच्या गाण्यांची जास्त. नाव अल्ला पुगाचोवा. जन्म मॉस्कोचा, 15 एप्रिल 1949 चा. आपल्याकडे लताबाई म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही ना, तसंच तिथं नुसतं ‘अल्ला’ म्हटलं की सगळ्यांना कळतं.

ती किती मोठी होती ते एका विनोदावरून समजेल. लोक आपसात म्हणायचे, अजून शंभर वर्षांनी कुणी पुस्तकात ब्रेझनेव्ह हे नाव शोधलं, तर काय लिहिलेलं सापडेल? ‘अल्ला पुगाचोवाच्या काळातला एक किरकोळ पुढारी.’ आता हे ब्रेझनेव्ह कोण, तर 1964 ते 1982 अशी 18 वर्षं त्या अवाढव्य देशाचे सर्वेसर्वा. तेव्हा त्या देशाला सोव्हिएत संघ म्हणत. रशिया, जॉर्जिया, लाटविया असे 15 प्रांत त्यात होते आणि त्यांचा कारभार मॉस्कोतून चाले. ही नावं लक्षात ठेवा, पुढं लागतील.

त्या काळात तिथं गाणं म्हणजे सरकारी काम. रेकॉर्ड काढणारी कंपनी एकच, सरकारी, नाव मेलोदिया. कुणी काय गायचं, कुठले शब्द चालतील, हे समित्या ठरवायच्या. गायिका माइकसमोर ताठ उभी राहायची, हात जागच्या जागी, आणि देशाचं, कामाचं, नाहीतर शिस्तीतल्या प्रेमाचं गाणं म्हणायची. अल्लाचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं ते 1965 साली. ती सोळा वर्षांची होती आणि गाणं होतं एका रोबोटवर, म्हणजे यंत्रमानवावर. त्यानंतर दहा वर्षं या गावाहून त्या गावाला कार्यक्रम करत फिरणं. लग्न झालं, 1971 मध्ये मुलगी झाली, लग्न मोडलं. मुलगी पदरात.

आणि मग 1975. बल्गेरियात ‘सोनेरी ऑर्फियस’ नावाची गाण्यांची मोठी स्पर्धा भरायची. तिथं तिनं ‘आर्लेकिनो’ हे गाणं म्हटलं. आर्लेकिनो म्हणजे सर्कशीतला विदूषक. चाल बल्गेरियातल्याच एमिल दिमित्रोव्ह यांची, शब्द रशियन. लोकांना हसवणारा हा विदूषक मनातून मोठी, गंभीर भूमिका करायला तळमळत असतो, पण त्याला ती कोण देणार? अल्लानं ते नुसतं म्हटलं नाही. कळसूत्री बाहुलीसारखे हात हलवले, मधेच हसली, ते हसणं रडण्याच्या काठापर्यंत नेलं. पहिलं बक्षीस तिला मिळालं. ताठ उभं राहून गाणाऱ्यांच्या देशात एक बाई अंगभर गात होती.

त्याच वर्षाच्या शेवटाला तिचा आवाज घरोघरी पोहोचला, पण चेहरा दुसरीचा होता. 1 जानेवारी 1976 ला टीव्हीवर एक सिनेमा दाखवला, ‘नशिबाची थट्टा’ असं त्याचं नाव मराठीत सांगता येईल. आजही तिथं दर नव्या वर्षाला तो लागतो. त्यातली नायिका नाद्या पडद्यावर दिसते ती पोलंडची अभिनेत्री बार्बारा ब्रिल्स्का. तिचं बोलणं व्हालेंतिना तालिझिना हिच्या आवाजात. आणि नाद्या गिटार घेऊन गाते तेव्हा आवाज अल्लाचा. तिन्ही मिळून एक नाद्या! त्यात गाण्यांचे शब्दही बायांचेच, काही मारिना त्स्वेतायेवाचे, एक गाणं बेला अखमादुलिनाचं. त्स्वेतायेवा ही मोठी कवयित्री. फार हाल सोसले तिनं, आणि 1941 साली, ऐन लढाईच्या दिवसांत, स्वतःचं जीवन संपवलं. तिनं 1915 मध्ये लिहिलेली कविता साठ वर्षांनी अल्लाच्या गळ्यातून स्वयंपाकघरात ऐकू येऊ लागली. ज्यांनी कवितेचं पुस्तक कधी हातात धरलं नव्हतं, त्यांनाही ती पाठ झाली.

ऐकणाऱ्या बाया कशा होत्या तेही सांगते. दुसऱ्या महायुद्धात त्या देशाची अडीच कोटींहून जास्त माणसं गेली होती. कितीतरी जणींनी एकटीनं मुलं वाढवलेली. कायद्यानं बाई-पुरुष सारखे, कारखान्यात आणि सामुदायिक शेतावर बाई बरोबरीनं राबायची. पण संध्याकाळी दुकानापुढं रांगेत उभं राहायचं, मग चूल, मग मुलांचे कपडे, हे तिचंच. त्या बरोबरीची गाणी भरपूर होती. थकलेल्या बाईचं, सोडून दिलेल्या बाईचं, चाळिशीत पुन्हा जीव लावणाऱ्या बाईचं गाणं मात्र कमी होतं. ते अल्लानं म्हटलं.

1978 मध्ये पोलंडमधल्या सोपोत गावी तिला पुन्हा पहिलं बक्षीस मिळालं. गाणं होतं ‘राजे सगळं करू शकतात’. सगळं करू शकतात, पण आवडत्या बाईशी लग्न करू शकत नाहीत, असं त्यात गंमतीनं सांगितलंय. वर बसलेल्या माणसांवर असं हसायला तिथं फार जागा नव्हती. म्हणून ते जास्तच आवडलं असावं, असं माझं मत.

आता मला सगळ्यात आवडणारा किस्सा. त्याच सुमारास तिच्यावर सिनेमा निघत होता, ‘गाणारी बाई’. नायिका तीच. संगीतकार अलेक्सांद्र झात्सेपिन, नावाजलेले. अल्ला स्वतःही चाली बांधायची, पण चाल बांधणं हे गायिकेचं काम नाही, अशी समजूत. मग तिनं काय करावं? बोरिस गोर्बोनोस नावाचा एक पुरुष तयार केला! बिचारा अंथरुणाला खिळलेला होतकरू तरुण आहे, त्याच्या चाली चांगल्या आहेत, त्या घ्या, असं सांगितलं. सूट घालून, मिशी चिकटवून तिनं या बोरिसचा फोटोसुद्धा काढून घेतला. चाली पसंत पडल्या, सिनेमात गेल्या. पुढं खरं काय ते कळल्यावर झात्सेपिन एवढे चिडले की काम सोडून गेले. त्यांचा राग मला समजतो, ठरलेल्या कामात मागच्या दारानं दुसऱ्याच्या चाली आल्या की कुणालाही लागेल. पण तिला मिशी लावावी लागली, हेही विसरता येत नाही.

सिनेमाच्या नावाचं जे गाणं, तेही या ‘बोरिस’चंच. शब्द कॉकेशसच्या डोंगरातल्या कैसिन कुलियेव या कवीचे. मूळ कविता एका पुरुषानं आपल्या आवडत्या बाईसाठी लिहिलेली. अल्लानं त्यात फेरफार केला आणि ‘जिच्यावर मी प्रेम करतो ती बाई’ ऐवजी ‘जी गाते ती बाई’ असं केलं. बाईची ओळख कुणाच्या प्रेमावरून होती, ती तिच्या कामावर आणली. 1979 मध्ये तो सिनेमा पाच कोटींहून जास्त लोकांनी पाहिला.

आणि आता तिचं जगभर गेलेलं गाणं, ‘दहा लाख लाल गुलाब’, 1982 सालचं. शब्द कवी आंद्रेई व्होझ्नेसेन्स्की यांचे. जॉर्जियात निको पिरोसमानी नावाचा चित्रकार होऊन गेला. शाळेत जाऊन चित्रकला शिकलेला नाही, खानावळींच्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरायचा. 1918 मध्ये गरिबीतच गेला. त्याची एक दंतकथा आहे: मार्गारीता नावाच्या फ्रेंच नटीवर त्याचा जीव जडला, होतं नव्हतं ते विकलं आणि तिच्या खिडकीसमोर फुलंच फुलं अंथरली. गाण्यातही तेच. सकाळी नटी खिडकी उघडते, तिला वाटतं कुणी धनवान वेडा असेल. खाली उभा असतो तो कफल्लक चित्रकार. रात्रीच्या गाडीनं ती निघून जाते. मार्गारीतेचं चित्र त्यानं काढलं होतं हे खरं, ते आजही आहे. फुलांचं काय ते दंतकथेवर सोडू.

पण मैत्रिणींनो, ही चाल गुलाबांसाठी बांधलेलीच नव्हती. चाल आहे लाटवियाच्या रायमोंड्स पाउल्स यांची, आणि तिच्यावरचे पहिले शब्द लाटवियन भाषेतले, कवी लेओन्स ब्रिएदिस यांचे. आया कुकुले आणि लीगा क्रेइत्सबेर्गा या दोघींनी ते गाणं म्हटलं आणि 1981 मध्ये तिथल्या रेडिओच्या श्रोत्यांनी त्याला वर्षातलं पहिलं गाणं ठरवलं.

त्यात गुलाब नाहीत, चित्रकार नाही. एक लहान मुलगी आहे. तिला कुणी दुखावलं की ती आईला बिलगते, आणि आई हसून हळूच सांगते, की मारानं मुलीला आयुष्य दिलं, पण सुख द्यायचं तेवढं विसरली. मारा ही तिथल्या जुन्या लोकश्रद्धेतली मातृदेवता. आपण नाही का म्हणत, सटवाईनं कपाळी काय लिहिलंय कुणास ठाऊक? तसंच. वर्षं जातात, आई जाते. आता ही मुलगी स्वतःच ते शब्द पुटपुटते. आणि एक दिवस तिच्या कानावर येतं, तिची छोटी लेक खेळता खेळता तेच गुणगुणतेय.

जात्यावर बसून लेकीच्या जन्माच्या ओव्या म्हणणाऱ्या आपल्या आज्यांना हे गाणं समजावून सांगावं लागलं नसतं. लाटवियातल्या लोकांनी त्यात आणखी एक अर्थ ऐकला. आपल्या छोट्या देशाला जीव मिळाला, पण दुसऱ्याच्या सत्तेखाली सुख नाही मिळालं, असा. 1981 मध्ये हे उघड बोलायची सोय नव्हती, पण आई-लेकीचं गाणं कोण अडवणार?

वर्षभरात तीच चाल मॉस्कोत आली आणि आई, लेक, नात जाऊन तिथं चित्रकार आणि नटी आली. अल्लानं गायलं म्हणून चाल जगभर गेली. जपानमध्ये तोकिको कातो हिनं 1987 मध्ये जपानी शब्दांत गायली, कोरियात, व्हिएतनाममध्येही ती लोकांच्या तोंडी आहे. अल्लाचं गाणं मलाही आवडतं. पण दोन्ही एकापाठोपाठ ऐकली की पहिलं जास्त लागतं. दुसऱ्यात एक पुरुष सगळं देऊन मोकळा होतो आणि त्याची गोष्ट होते. पहिल्यात कुणी काही दिलेलंच नाही, आणि तीन पिढ्या ते हसत सांगतायत.

अजून एक गाणं, ‘मला तुझ्याबरोबर बोलाव’. लिहिणारी आणि चाल बांधणारी तात्याना स्नेझिना, सैबेरियातल्या नोव्होसिबिर्स्क शहरात राहणारी तरुण मुलगी. हिला मिशी लावावी लागली नाही, पण 1995 च्या ऑगस्टमध्ये गाडीच्या अपघातात ती आणि तिचा होणारा नवरा दोघंही गेले. वय 23. तिची गाणी मागं राहिली. त्यातलं हे अल्लानं घेतलं आणि देशभर वाजलं. तोवर सोव्हिएत संघ मोडला होता, पण बाया तशाच कॅसेट लावून भांडी घासत होत्या.

अल्ला समित्यांच्या, सरकारच्या राज्यातच मोठी झाली, 1991 मध्ये तिला देशाचा सर्वोच्च कलाकार-किताबही मिळाला. 1986 मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा सफाई करणाऱ्या माणसांसाठी ती त्या भागात जाऊन गायली. आणि सप्टेंबर 2022 मध्ये, युक्रेनवर रशियानं युद्ध पुकारल्यानंतर, विनोदी कलाकार असलेल्या तिच्या नवऱ्याला सरकारनं ‘परदेशी हस्तक’ ठरवलं. तेव्हा 73 वर्षांच्या या बाईनं जाहीरपणे लिहिलं की माझंही नाव त्याच यादीत घाला, आपली पोरं भ्रामक हेतूंसाठी मरतायत, ते थांबायला हवं. या वेळी खाली नाव तिचं स्वतःचंच होतं.

आता गाणी लावते. आधी लाटवियन, आई-लेकीचं, मग अल्लाचं. शब्द कळणार नाहीत, चाल एकच आहे. पहिल्या गाण्यात दोन बाया एकत्र गातात तिकडं कान द्या.