पगारी गोलंदाज : पाळवणकर बाळू

खामगाव-मलकापूरच्या जिनिंग-प्रेसिंग कामगारांत माझे आयुष्य गेले. त्यामुळे कोणाचेही चरित्र हाती आले की मी आधी पगार पाहतो. क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांचा पहिला पगार होता महिना तीन रुपये.

चर्मकार कुटुंबातला हा मुलगा पुण्याच्या एका पारशी क्लबात खेळपट्टी झाडीत असे. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबाने त्याला चार रुपयांवर ठेवले. रूळ फिरवायचा, जाळी बांधायची आणि साहेबांच्या सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकायचे. बॅट मात्र हाती मिळायची नाही. चेंडू टाकणे हे चाकराचे काम, फटके मारणे हा साहेबाचा मान! या राबण्यातूनच बाळूंची डावखुरी फिरकी घडली.

गोऱ्यांना हरवायचे म्हणून हिंदू संघाने त्यांना घेतले. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांना चालला. चहा मात्र बाहेर, मातीच्या भांड्यात. जो हात बळी घेताना चालतो, तो पेला धरताना का चालू नये? १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले; त्यांत बाळूंचे आठ बळी. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात आपला संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी शंभरांहून अधिक बळी मिळविले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी दिले नाही. वीस वर्षे प्रेस चालविणारा माणूस गाठी बांधायला चालतो, मुकादम नेमताना चालत नाही, हे मीही पाहिले आहे.

१९२० च्या चौरंगी सामन्यांत बाळूंना वगळले, कर्णधारपदासाठी धाकट्या शिवरामलाही डावलले. तेव्हा शिवराम व विठ्ठल हे दोघे भाऊ खेळायला उतरलेच नाहीत. आमच्या भाषेत याला संप म्हणतात! पुढच्या सामन्यात बाळू उपकर्णधार म्हणून परतले, आणि १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला.

बाळूंनी १९३२ च्या पुणे करारावर सही केली. १९३७ साली काँग्रेसतर्फे उभे राहून ते बाबासाहेब आंबेडकरांकडून पराभूत झाले. १९५५ साली ते वारले. त्यांच्या राजकारणाबद्दल मतभेद असोत. मला त्यांच्या घराण्याचा एक धडा मोलाचा वाटतो. नुसत्या गुणाने त्यांना काम मिळाले. मान मिळाला तो भावांनी मिळून काम थांबविले तेव्हा.