खुराड्याचा इतिहास : स्वस्त घर आणि महाग प्रश्न

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एकदोघांनी विचारलं, ‘सर, तुम्ही तत्त्वज्ञानवाले, मध्येच कोंबड्या कुठून आल्या?’ (हशा) त्यांना म्हटलं, आपल्या एका म्हणीपासूनच सुरुवात करतो. ‘कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही.’ कोंबडा आरवतो आणि मग उजाडतं. रोज तसंच होतं. म्हणून आरवण्यामुळे उजाडतं असं कुणी मानलं, तर खूण आणि कारण यांची गल्लत झाली. तर्कशास्त्राच्या वर्गात हे शिकवायला मला दोन तास लागायचे, गावातली आजी ते एका वाक्यात सांगते.

पण आज या म्हणीतला दुसरा शब्द घ्या. ‘झाकलं.’ कशानं झाकलं? डालग्यानं. बुरडानं विणलेली बांबूची मोठी, विरळ विणीची पाटी. संध्याकाळी कोंबड्या तिच्याखाली घालायच्या, वर दगड ठेवायचा. त्यावरून क्रियापदच झालं, कोंबड्या ‘डालणे’. महाराष्ट्रातलं कोंबडीचं सगळ्यात स्वस्त घर हेच. त्याच्यापुढची पायरी म्हणजे दगडमातीचं नाहीतर फळ्यांचं खुराडं. या दोन वस्तूंचा इतिहास आज बघायचा आहे, कारण त्यात ‘स्वस्त म्हणजे काय’ हा प्रश्न दडलेला आहे आणि तो कोंबड्यांपुरता नाही.

आधी पक्षी आला कुठून ते बघू. आपली पाळीव कोंबडी मुख्यतः तांबड्या रानकोंबडीची वंशज. डार्विननं 1868 साली हे मांडलं, आणि अलीकडच्या जनुकीय अभ्यासानं त्याला मोठ्या प्रमाणात दुजोरा दिला. मूळ भूमी म्हणजे दक्षिण चीन, म्यानमार, उत्तर थायलंड हा पट्टा. मध्य थायलंडमधल्या बान नोन वाट या ठिकाणी पाळीव कोंबडीची हाडं सापडली. 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानं त्यांचा काळ इसवी सनापूर्वी 1650 ते 1250 असा धरला, आणि कोंबडी माणसाळण्याचा संबंध भाताच्या आणि भरडधान्याच्या शेतीशी जोडला. म्हणजे माणूस रानात जाऊन कोंबडी पकडून घेऊन आला, असं चित्र डोळ्यांसमोर आणू नका. माणसानं दाणा पिकवला, सांडला, साठवला, आणि रानकोंबडी स्वतःच अंगणाच्या कडेला आली.

यात आपल्या सह्याद्रीचाही वाटा आहे बरं का. पुष्कळ कोंबड्यांची कातडी आणि पाय पिवळे असतात. तो पिवळेपणा देणारं जनुक तांबड्या रानकोंबडीकडून आलेलं नाही. ते राखी रानकोंबड्याकडून आलं, असं 2008 साली दाखवून दिलं गेलं. हा राखी रानकोंबडा पश्चिम घाटात, आपल्याकडेही आहे.

आता यातून एक गोष्ट लक्षात घ्या. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. हा पक्षी दिवसा स्वतःचं पोट स्वतः भरतो. रात्री त्याला दिसत नाही, आणि रानात तो झाडावर बसतो. मुंगूस, रानमांजर, कोल्हा, साप यांची भीती मुख्यतः रात्री. म्हणजे माणसानं त्याला द्यायची गोष्ट एकच, रात्रीचा निवारा. बाकीचं त्याचं तो बघतो. खुराडं लहान आणि स्वस्त असू शकतं ते यामुळे.

जुन्या जगात याचं तपशीलवार लेखन केलं ते रोमन लोकांनी. कोलुमेला नावाचा, मूळचा स्पेनमधल्या कादिझचा लेखक. इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्यानं शेतीवर बारा भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा आठवा भाग पाळीव पक्ष्यांवर आहे. खुराडं कुठे बांधावं? हिवाळ्यात सूर्य उगवतो त्या दिशेला तोंड करून, आणि स्वयंपाकघराला किंवा भट्टीला लागून. का, तर धूर पक्ष्यांपर्यंत पोचावा, तो त्यांना फार मानवतो. बसायच्या काठ्या गोल नकोत, चौकोनी तासलेल्या हव्यात, पाय घसरता कामा नये. आणि भिंतीकडेला, आडोशाला, कोरडी धूळ नि राख ठेवावी, पक्ष्यांना अंघोळीसाठी.

हे वाचलं की आपल्याकडचं खेड्यातलं घर डोळ्यांपुढे येतं. चुलीमागच्या भिंतीला टेकलेलं खुराडं, आणि परसात राखेचा ढीग. कोंबड्या त्या राखेत लोळतात, कारण राखेनं पिसांतल्या उवा-पिसवा जातात. दोन हजार वर्षं आणि हजारो मैल, पण उपाय तोच. याचा अर्थ कुणी कुणाची नक्कल केली असा नाही. अडचण तीच आणि हाताशी असलेलं सामानही तेच, म्हणून उत्तरही तेच.

मग आपल्याकडे कोलुमेला का झाला नाही? हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. कोंबडी इथे नव्हती असं नाही. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात कोंबड्यांना खच्ची करू नये अशी आज्ञा आहे. म्हणजे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात ती गोष्ट चालत होती. पण मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात गावकोंबडा द्विजांना निषिद्ध आहे, जाणूनबुजून खाणारा पतित होतो असं म्हटलं आहे. परिणाम काय झाला? लिहिणारे एका बाजूला आणि खुराडं बांधणारे दुसऱ्या बाजूला राहिले. कोंबडी होती कुणब्याच्या, कोळ्याच्या, महाराच्या, आदिवासीच्या, मुसलमानाच्या, ख्रिस्त्याच्या दारात, आणि तिथेही बाईच्या हातात. ज्ञान होतं, पण ते बोटांत होतं, पोथीत आलं नाही. खुडूक कोंबडी कोणती, तिच्याखाली किती अंडी मांडायची, तलंग अंड्यावर कधी येणार, हे आईकडून मुलीकडे जायचं. ‘आमच्याकडे कुक्कुटपालनाची परंपरा नव्हती’ असं कुणी म्हणालं तर विचारायचं, ‘आमच्याकडे’ म्हणजे नक्की कुणाकडे?

आणि त्या बाईच्या हातात अंड्याचे पैसे असायचे. ते शेताच्या हिशेबात येत नसत. वही-पेन्सिल, मीठ, काडेपेटी, माहेरी जायचं एसटीचं भाडं, हे त्यातून निघायचं. पैसे थोडे असत, पण ते कुणाला विचारून खर्च करावे लागत नसत.

आता विसाव्या शतकात येऊ. 1923 साल, अमेरिकेतलं डेलावेअर राज्य, ओशन व्ह्यू हे गाव. सेसिल स्टील नावाची गृहिणी. घरच्या अंड्यांसाठी तिनं 50 पिलं मागवली, चुकून 500 आली. तिनं परत पाठवली नाहीत. 16 बाय 16 फुटांच्या शेडमध्ये वाढवून मांसासाठी विकली, चांगला भाव आला. तीन वर्षांत तिच्याकडे 10,000 पक्ष्यांची सोय झाली. मांसासाठीच्या कोंबड्यांचा आधुनिक धंदा इथून सुरू झाला असं मानतात. ती पहिली शेड आजही जपून ठेवली आहे.

पण हे तेव्हाच का जमलं? आधी कोंबड्या कायम आत ठेवल्या की त्यांचे पाय लुळे पडत, कारण ऊन नाही. 1920च्या दशकात ड जीवनसत्त्वाचं कोडं उलगडलं आणि खाद्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल घालता येऊ लागलं. आता उन्हाची गरज उरली नाही. रात्रीचं घर दिवसाचंही झालं. माझ्या मते खुराड्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा बदल हा आहे. पुढे पिंजरे आले. भारतात 1971 साली डॉ. बी. व्ही. राव यांनी पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. 1982 साली अंड्याचा भाव शेतकऱ्यांनी ठरवावा म्हणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. यानं अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं. हे मोठं काम आहे, त्याला नाकं मुरडण्याचं कारण नाही. पण पिंजऱ्यातल्या कोंबडीला पंख पसरता येत नाहीत, हेही खरं. युरोपीय संघानं साधे पिंजरे 2012 पासून बंद केले. आपल्या विधी आयोगानंही 2017 साली 269 व्या अहवालात हा विषय हाताळला.

इथे बर्ट्रांड रसेलची आठवण येते. 1912 साली त्यानं एका कोंबडीचं उदाहरण दिलं. माणूस रोज दाणा टाकतो, म्हणून उद्याही टाकेल असं ती धरून चालते, आणि एक दिवस तोच माणूस तिची मान मुरगळतो. तर्कशास्त्रातला हा धडा आपण फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला प्रत्यक्ष पाहिला. देशातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक. मोठ्या शेडमधल्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्या. कालपर्यंतचा भाव एका आठवड्यात कोसळला. आणि पथकं घरोघरी जाऊन परसातल्या चार-चार, पाच-पाच कोंबड्याही घेऊन गेली. साथ रोखायला ते करणं भाग होतं. पण मोठ्या धंद्याला कर्जमाफीची, व्याजसवलतीची चर्चा असते. रिकामं खुराडं कुठल्या ताळेबंदात येतं?

म्हणून आता मूळ प्रश्नाकडे. स्वस्त म्हणजे काय? परसातल्या कोंबड्यांसाठी योजना येतात, त्यात सुधारित जातीची पिलं मिळतात. वाढ चांगली, अंडी जास्त. पण या जाती बहुधा खुडूक होत नाहीत, अंडी उबवत नाहीत. म्हणजे पुढच्या खेपेला पिलं विकत. गावठी कोंबडी अंडी कमी देते, पण पुढची पिढी फुकट देते. दोन्हींत काही चूक नाही, पण हिशेब मांडताना ही रक्कम धरली पाहिजे. तसंच मानमोडीचं, म्हणजे राणीखेत रोगाचं. त्याची लस स्वस्त आहे, पण कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची, थंड ठेवावी लागते, आणि बाईकडे कोंबड्या आठ. दहा घरांनी मिळून एक कुपी आणली तरच ती स्वस्त. म्हणजे इथे स्वस्ताई वस्तूत नाही, शेजारात आहे.

बांधायचंच असेल तर काय करावं, हेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसतंच तत्त्वज्ञान. दिवसा मोकळ्या फिरणाऱ्या आठ-दहा गावठी कोंबड्यांना रात्रीपुरतं 4 बाय 3 फुटांचं खुराडं पुरतं. जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, म्हणजे ओल लागत नाही. जुन्या फळ्या, बांबू, वर जुना पत्रा किंवा कौलं, पावसाकडे उतार. खर्च वाचवायचा तो लाकडात, जाळीत नाही. षटकोनी पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्धा इंची वेल्डची जाळी घ्या. प्रत्येकीला बसायला आठ इंच धरा, म्हणजे चार फुटांच्या दोन पट्ट्या, कोलुमेलानं सांगितल्या तशा चौकोनी, फक्त कडा घासलेल्या. अंड्यांसाठी फूटभर लांबी-रुंदीचे दोन खोके, तळाला भाताचं तूस. वारा खेळू द्या, झोत नको. वर्षातून दोनदा चुना. आणि राखेचं घमेलं विसरू नका. मोकळं सोडायला जागाच नसेल तर 10 बाय 10 फुटांचं कुंपण करा. घारीसाठी वरून जुनं मासेमारीचं जाळं चालतं, कोकणात लोक तेच वापरतात.

शेवटी एक आकडा. मला वाटायचं ही गोष्ट संपत आली. पण 2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटी कोंबड्या-बदकं मोजली गेली, त्यातली जवळजवळ 32 कोटी परसातली. 2012 च्या तुलनेत परसातली संख्या सुमारे 46 टक्क्यांनी वाढली, व्यापारी पक्ष्यांची पाच टक्क्यांच्या आतच. म्हणजे खुराडं गेलेलं नाही. युद्धकाळात अमेरिकेनं आणि ब्रिटननं लोकांना परसात कोंबड्या पाळायला सरकारी आवाहन करून सांगितलं. आपल्या बायकांनी कुणी न सांगता ते चालू ठेवलं.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, ओळखीत कुणी खुराडं बांधणारी, पिलं उठवणारी म्हातारी असेल, तर तिच्याजवळ बसून विचारा आणि लिहून काढा. कोणतं लाकूड, कोणती दिशा, किती अंडी, कुठला महिना. जे दोन हजार वर्षांत पोथीत आलं नाही, ते आता तरी वहीत येऊ द्या.

थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.