हिरव्या बाटलीतला मुद्गल

दक्षिण फ्रान्समध्ये नीम आणि माँपेलिए या शहरांच्या दरम्यान वेर्जेझ हे गाव आहे. तिथल्या झऱ्याचे पाणी हाताला गार लागे, पण वर मात्र उकळी फुटल्यासारखे बुडबुडे येत राहत. हिरव्या बाटलीतून जगभर पोचलेले ‘पेरिए’ हे याच झऱ्याचे पाणी.

यातल्या पाण्याची वाट वेगळी आणि वायूची वेगळी. पाऊस आसपासच्या चुनखडीच्या टेकड्यांवर पडतो, खडक-वाळूतून झिरपतो आणि वाटेत कॅल्शियमसारखी खनिजे उचलतो. कार्बन डायऑक्साइड मात्र त्याहून खोलवरून भेगांमधून वर येतो. जमिनीखाली दाब असतो तोवर तो पाण्यात विरघळून राहतो. पाणी उघड्यावर आले, दाब उतरला, की तोच वायू बुडबुडे होऊन निसटतो. म्हणून झऱ्याकाठी ओंजळीने प्यायलेले पाणी जिभेला चुणचुणते आणि घागरीतून घरी नेईपर्यंत मिळमिळीत होते. बाटली भरणाऱ्यापुढचा सगळा पेच हाच: हा दाब टिकवायचा कसा?

१८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने या झऱ्याच्या वापराला मान्यता दिली. १८९८ मध्ये डॉ. लुई पेरिए यांनी झरा विकत घेतला. पाण्याने उपचार करण्यावर त्यांचा विश्वास होता आणि ते बाटलीबंद करण्याचा ध्यासही. भांडवल आले ते १९०३ मध्ये, सेंट जॉन हार्म्सवर्थ या धनाढ्य इंग्रज तरुणाकडून. त्याने झरा विकत घेतला, डॉक्टरांचे नाव पाण्याला दिले, तिथले स्नानगृह बंद केले आणि सारा जोर बाटल्या भरण्यावर लावला.

१९०६ मध्ये मोटार अपघातात हार्म्सवर्थचे कमरेखालचे अंग लुळे पडले. हातांत आणि खांद्यांत बळ राहावे म्हणून तो मुद्गल फिरवत असे. आपल्याकडे तालमीत घुमवतात तेच हे लाकडी मुद्गल. हिंदुस्थानातल्या इंग्रज फौजेने ते उचलले आणि एकोणिसाव्या शतकात विलायतेतही त्यांचा व्यायाम रुजला. हार्म्सवर्थने बाटलीला त्यांचाच आकार दिला, असे सांगितले जाते. मुद्गल मुठीकडे निमुळता होतो आणि खाली भरदार फुगतो. पेरिएची बाटली हातात धरली की हीच घडण बोटांना कळते.

पुढे वेर्जेझमध्ये पाणी आणि वायू जमिनीतून वेगवेगळे काढून, बाटली भरताना दाबाखाली पुन्हा एकत्र आणण्याची पद्धत बसली. त्यामुळे प्रत्येक बाटलीत वायूचे प्रमाण सारखे ठेवता येऊ लागले. भूगर्भातून येणाऱ्या या वायूत बेन्झीनचा अंश असतो आणि तो कोळशाच्या गाळणीत अडवावा लागतो. एकदा या गाळण्या वेळेवर बदलल्या गेल्या नाहीत. १९९० मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामधल्या एका प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये बेन्झीन सापडले आणि जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या. त्यानंतर अमेरिकेतल्या लेबलावरून ‘नैसर्गिकरीत्या फसफसणारे’ हा दावा काढण्यात आला.

तो दावा गेला हे योग्यच झाले. पाणी आणि वायू जमिनीनेच दिले, हे खरे. पण वायू गाळणे, मोजून मिसळणे आणि दाबासकट काचेत कोंडणे ही माणसाची कारागिरी आहे. ती लपवण्याजोगी मुळीच नाही. ती उघडपणे सांगितली, तर गाळणी वेळेवर बदलण्याची जबाबदारीही कोणाला विसरता येणार नाही.